दशांश

सोमवार. उद्यमनगर बंद.
एरवी शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं त्या गल्लीत
आज नळाखाली घागर भरतेय तेही ऐकू येतं.
शिकलगारांच्या फाउंड्रीत, वाळूच्या ढिगाला लागून,
फळकुटाच्या खोक्यावर तो जुना कॉम्प्युटर.
मेमरी इतकी तोकडी
की तयार मिळणारं काहीच त्यात मावत नाही.
म्हणून इंटरप्रिटर सोर्सपासून बांधायला बसलोय.

कॉन्फिगर आधी घराची झडती घेतं.
कंपायलर आहे का? आहे.
चालतो का? चालतो.
पूर्णांक किती बाइटचा? चार.
गणिताची लायब्ररी? आहे.
रीडलाइन? नाही.
नाही ऐकून ते नाक मुरडत नाही,
पुढच्या ओळीवर जातं.
मुलगी बघायला येणाऱ्यांनी शिकावं असं.

मग माझी पाळी.
प्रिफिक्स, म्हणजे बिऱ्हाड कुठं मांडायचं.
सिस्टीमच्या घरात जुना प्रोग्राम नांदतोय,
त्याच्या ताटात हात घालायचा नाही.
ह्याला वेगळी खोली, ऑप्टच्या आत.
खिडक्या, चित्रं: विदाऊट.
नेटवर्क: विदाऊट. भट्टीला कुणाशी बोलायचंय?
मदतीची पानं: विदाऊट.
डीबग: विदाऊट, जरा चाचरतच.
आणि शेवटी, चाळीस किलोबाइट वाचवायला,
दशांश: विदाऊट.

बाबालाल मिस्त्री सुट्टीच्या दिवशीही येतात,
घरात हातांना काम नसतं म्हणून.
"काय शिजवालाईस रे धैर्यशील?"
सांगितलं, काय काय नको ते आधी ठरवायचं, मग ओतायचं.
"मग कोअरच की!"
फळीवरून भाजलेल्या वाळूचा एक कोअर उतरवून
त्यांनी माझ्या हातावर ठेवला. वाटला त्यापेक्षा हलका.
"पंपाच्या पोटात पाण्याला वाट लागती.
लोखंड ओतल्यावर कोरत बसाय येत न्हाई.
जितं लोखंड नको, तितं आधी ह्यो ठेवायचा.
ठेवताना मातूर
डोकं जाग्यावर पायजे."

मेक.
ओळींवर ओळी वर पळू लागल्या.
"ते जांभळं काय आलं?"
वॉर्निंग.
"कोण बघतंय का?"
नाही.
"हितं बी तसंच हाय," म्हणाले, आणि बिडी शोधू लागले.

दोन चहा झाले. उन्हाची पट्टी
वाळूवरून सरकत चाळणीपाशी गेली.
एकही एरर नाही. एवढुसा, देखणा बांधा.
शनिवारच्या हीटचे आकडे त्याला दिले:
मीटर चौतीस पाठवतो, प्रोग्राम दहानं भागतो.
पडद्यावर आलं,
कार्बन ३.

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला.
"तीन?
तीनला ओतलं तर पांढरं पडंल.
दिसाय लोखंड, फुटाय काच."
म्हटलं, तीनच्या पुढचं मीच काढलं. जागा नव्हती.

"कुणाला इचारून?"

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
ती सुरू होईना.
मी काही बोललो नाही.
मेक क्लीन.
"ते बरं," मिस्त्री म्हणाले, "भंगार परत वितळतंय,
ते कधी रागाला येत न्हाई."

दुसऱ्या खेपेला दशांश आत घेतला.
बदल्यात कमांडचा इतिहास काढला;
बाण वर दाबला तर मागचं काही दिसणार नाही.
मिस्त्रींना तेही विचारलं.
"मागचं बघून काय ओतायचंय?" म्हणाले. म्हणजे चालेल.

साडेचारला, कार्बन ३.४.
सिलिकॉन २.१.
"हां," एवढंच. शाबासकी वगैरे नाही.
मी ऑप्शनची ओळ वहीत उतरवू लागलो
तसा त्यांनी खडू पुढं केला.
"कागद टिकत न्हाई हितं. भित्तीवर लिव."

भिंतीवर आधीपासून त्यांचं अक्षर:
वाळू शंभर, बेंटोनाइट आठ, कोळशाची भुकटी पाच,
पाणी हाताच्या अंदाजानं.
त्याखाली माझी ओळ, वाकडी, भिंतीभर लांब,
किती विदाऊट, किती विथ.
दशांशाखाली मिस्त्रींनी खडूची रेघ ओढली,
परत ओढली,
खडू मोडेपर्यंत.